नव्या स्कोपचे टरेट नीट चालत नसतील तर दोष नेमका कुठे शोधावा

प्रश्न असा आहे : रायफलवर नवा स्कोप (नेम धरण्याची दुर्बीण) बसवून १०० मीटरवर झीरो केला, म्हणजे नेम आणि मारा त्या अंतरावर जुळवले, पण त्यानंतर तीन तक्रारी उद्भवल्या. एलिव्हेशन टरेटचे (मारा वर-खाली करण्यासाठी फिरवायच्या गुंडीचे) क्लिक काही ठिकाणी स्पष्ट तर काही ठिकाणी बोथट जाणवतात; ५ मिलिरेडियन (कोनाचे माप; १ मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर) वर जाऊन परत शून्यावर आल्यावर गोळ्या पूर्वीच्या जागी पडत नाहीत; आणि टरेट शून्याच्या खाली जराही फिरत नाही. स्कोप सदोष समजून परत पाठवावा का, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

माझे उत्तर असे की, इतक्यात पाठवू नये. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही. तिसरी तक्रार तर बहुधा तक्रारच नाही, तो झीरो स्टॉप, म्हणजे टरेटला शून्यापाशी मुद्दाम थांबवणारी अडवणूक, असावा. दुसरी तक्रार केवळ गोळ्यांच्या छिद्रांवरून केलेली आहे आणि गोळी कुठे पडते हे टरेटखेरीज माउंट (स्कोपला रायफलवर धरणारे बेस आणि रिंग), रायफलची नळी, दारूगोळा, वारा आणि नेमबाज या सगळ्यांवर अवलंबून असते. म्हणून टरेटची परीक्षा आधी एकही गोळी न झाडता करावी, असा माझा आग्रह आहे. पुढील सर्व कामासाठी रायफल रिकामी असावी, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावा, शक्य असल्यास बोल्ट काढून बाजूला ठेवावा, आणि काडतुसे त्या खोलीत नसावीत.

आत काय घडते हे समजले की लक्षणे वाचता येतात. स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. तिला इरेक्टर नळी म्हणतात. नेहमीच्या रचनेत तिचे डोळ्याकडचे टोक सांध्यावर टेकलेले असते आणि पुढचे टोक हलू शकते. या पुढच्या टोकावर वरून एलिव्हेशनचा आणि बाजूने विंडेजचा (मारा डावी-उजवीकडे हलवणारा) स्क्रू टेकतो, तर या दोन्ही स्क्रूंच्या समोरच्या कोपऱ्यातून, म्हणजे तिरक्या दिशेने, एक स्प्रिंग त्या नळीला स्क्रूंकडे रेटत असते. स्क्रू नळीला फक्त ढकलू शकतो, ओढू शकत नाही. स्क्रू मागे घेतला की नळीला त्याच्या मागोमाग आणण्याचे काम स्प्रिंगचे. गोळीचा मारा वर नेण्यासाठी आपण टरेट फिरवतो तेव्हा बहुतेक स्कोपमध्ये स्क्रू बाहेर येत असतो आणि स्प्रिंग सैल होत जाते. त्यामुळे स्प्रिंग अशक्त असेल, किंवा नळी कुठे अडत असेल, तर दोष वर जाताना दिसतो, आणि तोही प्रवासाच्या वरच्या टोकाजवळ अधिक. खाली येताना स्क्रू स्वतः नळीला दाबत असल्याने हालचाल सहसा बिनचूक होते. वर जाताना मागे राहणारे आणि खाली येताना अचूक चालणारे टरेट म्हणजे स्प्रिंगचा किंवा नळी अडकण्याचा संशय, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे निम्मे काम सोपे होते.

क्लिकची यंत्रणा यापासून वेगळी आहे. बोटांना जाणवणारा आणि कानांना ऐकू येणारा क्लिक हा टरेटमधील दातेरी कड्यावर एखादी बारीक गोळी (बॉल) किंवा खुंटी बसल्याने होतो. क्लिक बोथट असला तरी स्क्रू योग्य तेवढा फिरलेला असू शकतो, आणि क्लिक खणखणीत असला तरी आतील नळी जागची हललेली नसू शकते. थंडीत ग्रीस घट्ट झाल्यानेही क्लिक जड आणि दबलेले वाटतात. तेव्हा स्पर्शावरून निष्कर्ष काढू नये; रेटिकल (स्कोपमधून दिसणारी नेमाची खूण) किती हलला हे पाहावे.

आता सोपी कारणे आधी बाजूला काढू. टरेट अजिबात फिरत नसेल तर त्याला लॉक आहे का हे पाहा; अनेक टरेट वर ओढल्यावरच मोकळे होतात आणि खाली दाबल्यावर पुन्हा अडतात. काही स्कोपवर लॉकसाठी छोटे बटण असते. शून्याच्या खाली न जाणाऱ्या टरेटला झीरो स्टॉप असतो. दूरच्या अंतरासाठी फिरवलेले टरेट न पाहता परत शून्यावर आणता यावे म्हणून मुद्दाम दिलेली ही अडवणूक आहे. ती कुठे एखाद्या कड्याने, कुठे पातळ चकत्यांनी, तर कुठे बारीक स्क्रूंनी ठरवलेली असते. झीरो करण्यापूर्वी तो सैल करायचा आणि झीरो झाल्यावर पुन्हा बसवायचा, हा क्रम चुकला तर दोन गोष्टी होतात : एकतर झीरोपर्यंत पोहोचण्याआधीच टरेट अडते, किंवा शून्याच्या खाली दोन-चार क्लिकही मिळत नाहीत. प्रश्नकर्त्याची तिसरी तक्रार याच प्रकारची आहे. स्टॉप शून्याच्या थोडा खाली ठेवावा, कारण दारूगोळा किंवा हवामान बदलल्यावर तेवढी मोकळीक लागते. पुस्तिकेत त्याची कृती दिलेली असते आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

दुसरे सोपे कारण बाहेरच्या टोपीचे आहे. आकडे कोरलेली टोपी आतील दांड्यावर दोन किंवा तीन बारीक ग्रब स्क्रूंनी (डोके नसलेल्या स्क्रूंनी) धरलेली असते. झीरो केल्यावर टोपी उचलून शून्य समोर आणतात तेव्हा हे स्क्रू सैल करावे लागतात, आणि पुन्हा आवळताना एक राहून जाणे किंवा सर्व असमान आवळले जाणे फार सहज घडते. मग टोपी फिरते, आकडे पुढे सरकतात, पण दांडा पूर्ण फिरत नाही. याची खूण अशी की काही क्लिकपर्यंत सर्व ठीक असते आणि जोर लागला की टोपी घसरते. टोपीवर आणि दांड्यावर जोडून पेन्सिलची एक बारीक रेघ मारावी, पाचसहा वेळा वर-खाली फिरवावे, रेघ तुटलेली दिसली तर दोष सापडला. हे स्क्रू फार लहान असतात. ॲलन की मापाची आणि न झिजलेली असावी, नाहीतर स्क्रूची खाच खराब होऊन टोपी कायमची अडकते.

आता माउंटिंगकडे वळू. नव्या स्कोपच्या टरेटविषयी आलेल्या तक्रारींत खरा गुन्हेगार बहुतेक वेळा माउंटच निघतो असे माझे मत आहे. रिंगचे स्क्रू प्रमाणाबाहेर आवळले की स्कोपची नळी किंचित चेपते. रिंग टरेटच्या फुगवट्याला चिकटून बसवली असेल तर हा दाब थेट इरेक्टर नळीच्या फिरण्याच्या जागेवर येतो. मग क्लिक एका पट्ट्यात जड आणि दुसऱ्या पट्ट्यात हलके लागतात, झूमचे कडेही घट्ट फिरते, आणि रेटिकल एकेक क्लिक न हलता मध्येच उडी मारतो. यावरचा उपाय म्हणजे तपासणी : स्कोप खाली टेकू नये म्हणून हातात धरून रिंगच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू सैल करावेत आणि टरेट पुन्हा फिरवून पाहावे. क्लिक एकदम सुधारले तर स्कोपमध्ये काहीही बिघडलेले नाही. बहुतेक रिंगच्या टोप्यांच्या स्क्रूंसाठी १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे सुमारे १.७ ते २ न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. तुमच्या रिंगच्या पुस्तिकेतील आकडा वेगळा असेल तर तोच पाळावा. टॉर्क रेंच वापरावा, कारण हाताच्या अंदाजाने दुप्पट जोर सहज लागतो. स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचे चिकट द्रव्य) लावले असेल तर ते ओले असताना वंगणासारखे काम करते आणि त्याच टॉर्कला स्क्रू प्रत्यक्षात अधिक आवळला जातो, हेही ध्यानात ठेवावे. रिंग फुगवट्यापासून आणि नळीच्या निमुळत्या भागापासून थोडी दूर असावी, आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवून स्क्रू आलटून पालटून थोडेथोडे आवळावेत.

माउंटचा दुसरा प्रकार म्हणजे बेस आणि रिंग एका रेषेत नसणे. दोन रिंगमधील अंतर १०० मिलिमीटर असेल आणि एक रिंग दुसरीपेक्षा फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी, वर किंवा बाजूला असेल, तर स्कोप १ मिलिरेडियनने वळतो. १०० मीटरवर हे १० सेंटीमीटर होतात. चूक अर्धा मिलिमीटर असेल तर झीरो करण्यातच ५ मिलिरेडियन खर्च होतात. एखाद्या साध्या स्कोपमध्ये एलिव्हेशनचा एकूण प्रवास ६० एमओए (मिनिट ऑफ अँगल, म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो, म्हणजे मध्यापासून एका बाजूला ३० एमओए, साधारण ८.७ मिलिरेडियन. त्यातील निम्म्याहून अधिक बेसनेच खाल्ले तर टरेट लवकर संपणारच. त्यातच इरेक्टर नळी गोल नळीच्या आत फिरत असल्याने विंडेज एका टोकाला गेले की एलिव्हेशनचा प्रवासही आखूड होतो. टरेट शेवटी अडते किंवा पुढे क्लिक वाजतात पण रेटिकल हलत नाही, अशा तक्रारीचे मूळ बऱ्याचदा विंडेजमध्ये सापडते.

म्हणून झीरो झाल्यावर दोन्ही टरेट मध्यापासून किती दूर आहेत हे मोजावे. आधी विंडेज अंदाजे मध्यावर आणावे, मग एलिव्हेशन हळुवारपणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत न्यावे आणि त्याच्या निम्मे परत यावे; टोकाला जोर लावू नये. विंडेजसाठीही तेच करावे. दुसरी पद्धत आरशाची : सर्वांत कमी मॅग्निफिकेशनवर, पॅरॅलॅक्स (लक्ष्याच्या अंतरानुसार चित्र आणि रेटिकल जुळवण्याची सोय) अनंतावर ठेवून, ऑब्जेक्टिव्हच्या (पुढच्या भिंगाच्या) कडेला सपाट आरसा टेकवावा, आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) पाहिल्यास रेटिकल आणि त्याचे प्रतिबिंब दोन्ही दिसतात, आणि ते एकमेकांवर येईपर्यंत टरेट फिरवले की स्कोप ऑप्टिकल मध्यावर येतो. झीरोला विंडेज मध्यापासून बरेच दूर पडत असेल तर बेस किंवा रिंग दुरुस्त करावी, स्कोपला दोष देऊ नये. एलिव्हेशन वरच्या बाजूला कमी पडत असेल आणि लांबच्या अंतरावर नेमबाजी करायची असेल, तर २० एमओए उताराचा बेस वापरल्यास सुमारे ५.८ मिलिरेडियन परत मिळतात.

यानंतर खरी परीक्षा. एका पांढऱ्या पट्टीवर वरून खाली १ मीटर लांबीपर्यंत दर १० सेंटीमीटरवर जाड आडव्या रेघा आखाव्यात आणि ती पट्टी ओळंब्याने उभी लावावी. स्कोपपासून पट्टीपर्यंतचे अंतर टेपने १०० मीटर मोजावे. लेझर रेंजफाइंडर १ मीटरने चुकला तरी निष्कर्षात १ टक्का चूक येते, आणि आपण नेमकी तेवढीच चूक शोधत असतो. एवढी जागा नसेल तर ५० मीटरवर दर ५ सेंटीमीटरच्या रेघाही चालतात. रिकामी रायफल व्हाइसमध्ये किंवा वाळूच्या जड पिशव्यांत अशी धरावी की टरेट फिरवताना ती हलणार नाही. पॅरॅलॅक्सचे बटण असेल तर ते नीट जुळवावे आणि डोके थोडे हलवून पाहावे. डोक्याबरोबर रेटिकल पट्टीवर सरकत असेल तर वाचन खोटे येईल. झूम एकदा ठरवले की बदलू नये.

रेटिकलचा मध्य सर्वांत वरच्या रेघेवर आणून टरेट वरच्या दिशेने फिरवावे. रायफल स्थिर असल्याने रेटिकल पट्टीवर खाली उतरताना दिसेल. नवख्यांचा येथे गोंधळ होतो : टरेटवरचा बाण वरची दिशा दाखवत असताना रेटिकल खाली का? कारण नेमाची रेषा खाली झुकते, म्हणून नेम पुन्हा जुन्या बिंदूवर आणण्यासाठी रायफलची नळी वर उचलावी लागते आणि मारा वर जातो. ०.१ मिलिरेडियनचे १० क्लिक झाले की मध्य बरोबर पुढच्या रेघेवर यायला हवा. प्रत्येक रेघेवर थांबून रेटिकल रेघेला नेमका बसतो की रेघेच्या वर किंवा खाली राहतो हे लिहून ठेवावे, १०० क्लिकपर्यंत जावे, आणि मग तसेच मोजत परत यावे.

या कागदावरच्या नोंदीच सर्व सांगतात. वर जाताना आणि येताना दोन्ही वेळा रेटिकल प्रत्येक रेघेवर बसला, तर टरेट निर्दोष आहे आणि गोळ्यांच्या विखुरण्याचे कारण दुसरीकडे आहे. १०० क्लिकला मध्य ९८ सेंटीमीटरवर पोहोचला आणि प्रत्येक टप्प्यावर तेवढ्याच प्रमाणात कमी पडला, तर क्लिकचे मूल्य २ टक्क्यांनी कमी आहे. अशी चूक एकसारखी असल्यास बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये (अंतरानुसार किती क्लिक लागतील हे काढणाऱ्या साधनात) सुधारणा-गुणक भरून चालवता येते, आणि मी स्वतः एवढ्यासाठी स्कोप परत पाठवणार नाही. दिशा बदलल्यावर पहिला क्लिक वाया गेला आणि नंतर सर्व बरोबर आले, तर तो बॅकलॅश आहे. एका क्लिकपेक्षा जास्त असेल तर तो दोष मानावा. वर जाताना रेटिकल काही क्लिक थांबून एकदम पुढे उडत असेल, किंवा स्कोपच्या नळीवर बोटाने हलके टकटक केल्यावर जागा बदलत असेल, तर इरेक्टर अडकतो आहे. जुन्या काळी टरेट फिरवल्यावर त्यावर टिचकी मारण्याची किंवा दोन गोळ्या ‘बसण्यासाठी’ झाडण्याची सवय होती. नव्या स्कोपला त्याची गरज पडत असेल तर तो विकणाऱ्याकडे परत जायला हवा. आणि खाली येऊनही मध्य मूळ रेघेवर परतला नाही, तर रिंगचा दाब काढून हीच परीक्षा पुन्हा करावी. तरीही तसेच घडले तर स्कोप सदोष आहे, त्यावर वाद नको.

याच परीक्षेत आणखी एक गोष्ट कळते. रेटिकलची उभी रेघ ओळंब्याशी जुळवून १० मिलिरेडियन फिरवल्यावर मध्य ओळंब्यावरून बाजूला सरकला, तर रेटिकल आणि टरेटची हालचाल एकमेकांशी सरळ नाहीत, आणि हा कारखान्यातला दोष आहे. मात्र रेटिकल ओळंब्यावर राहिला आणि प्रत्यक्ष नेमबाजीतच वर जाताना गोळ्या एका बाजूला सरकल्या, तर नेम घेताना रायफलच कलती धरली जाते. १ अंश कल असेल तर १ मीटर वर जाताना मारा सुमारे १७ मिलिमीटर बाजूला पडतो. स्कोपवर छोटी पाणसळ लावल्याने हा प्रश्न मिटतो.

गोळ्या झाडून करायची परीक्षा यानंतर, आणि ती तेवढ्याच शिस्तीने. उंच लक्ष्याच्या तळाशी एक बिंदू ठेवून शून्यावर ५ गोळ्या, १० मिलिरेडियन वर जाऊन त्याच बिंदूवर नेम धरून ५ गोळ्या, आणि परत शून्यावर ५ गोळ्या. एकेक गोळी मोजू नये, प्रत्येक गटाचा मध्य काढावा. ५ गोळ्यांचा गट ३० मिलिमीटरचा असेल तर दोन गटांच्या मध्यांत ८-१० मिलिमीटरचा फरक केवळ योगायोगानेही येतो. तो एक क्लिक आहे, आणि तेवढ्यावरून टरेट शून्यावर परतत नाही असे म्हणता येत नाही. प्रश्नकर्त्याने परतल्यावर किती गोळ्या झाडल्या हे सांगितलेले नाही. दोन-तीनच असतील तर दुसरी तक्रार सध्या सिद्ध झालेली नाही. रायफलची नळी तापू न देणे आणि स्टॉकचे स्क्रू पक्के असल्याची खात्री करणे हे सांगायला नकोच.

काही तक्रारी केवळ मापाच्या गोंधळातून येतात. ०.१ मिलिरेडियनचा क्लिक १०० मीटरवर १० मिलिमीटर हलवतो, तर पाव एमओएचा क्लिक ७.३ मिलिमीटर. रेटिकल एका मापात आणि टरेट दुसऱ्या मापात असलेले स्कोपही विकले जातात; १ मिलिरेडियन म्हणजे ३.४४ एमओए हे विसरल्यास प्रत्येक दुरुस्ती चुकते. १ एमओए १०० यार्डांवर १.०४७ इंच असतो, पण काही टरेट सरळ १ इंचावर आखलेले असतात, आणि हा ४.७ टक्क्यांचा फरक ३० एककांवर जवळपास दीड इंच होतो. एअर रायफलवाल्यांची नेहमीची शंका, २५ मीटरवर क्लिकने काहीच बदलत नाही, ही याच जातीची आहे : तेथे ०.१ मिलिरेडियन म्हणजे २.५ मिलिमीटर, आणि .१७७ कॅलिबरच्या पेलेटचे छिद्र ४.५ मिलिमीटरचे. स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका मागे आणि पुढे दोन्हीकडे बसत असल्याने त्यासाठी न बनवलेला स्कोप मात्र खरोखरच बिघडतो. इरेक्टरची स्प्रिंग किंवा रेटिकल सैल होतो, आणि ते दुरुस्त करणे घरचे काम नाही.

टरेट उघडून तेल किंवा फवारा मारण्याचा मोह टाळावा. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून रबरी कड्यांनी बंद केलेले असते. टोपीच्या खालचा भाग काढला की ओलावा शिरतो आणि वॉरंटीही जाते. तेल आतल्या काचांवर पसरले तर टरेटचा प्रश्न राहतो आणि चित्रही धूसर होते. परत पाठवायचे ठरल्यास त्याबरोबर पट्टीवरच्या नोंदीचा कागद, वापरलेले अंतर, रिंगचा टॉर्क आणि रिंग सैल करूनही दोष राहिला हे स्पष्ट लिहावे. ‘क्लिक बरोबर नाहीत’ एवढेच लिहिलेला स्कोप तपासून ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत येण्याची शक्यता मोठी असते; ‘६० व्या क्लिकनंतर वर जाताना रेटिकल ४ क्लिक थांबतो, खाली येताना नाही’ असे लिहिले तर दुरुस्त करणाऱ्याला स्प्रिंगपासूनच सुरुवात करता येते.